शेवटची साठ पावले

६ जानेवारी २०१९, रविवार

दोन माणसे लागतात. एक पुढचे टोक खांद्यावर घ्यायला आणि एक मागचे. आज पुढे कडूबा होते, मागे मी. कडूबा म्हणजे बोट क्लबचे रखवालदार. घरची पिढीजात मासेमारी. भाई आमच्या पाठीमागून खोट्या पायावर, कुबडी टेकत येत होता. पाच मीटर लांबीची ती पांढरी कयाक, भाईची वल्ह्याची अरुंद नाव, दोघांच्या खांद्यांवर, मुरमाच्या उतारावरून हळूहळू धरणाच्या पाण्याकडे चाललेली. एकाएकी भाई मागून म्हणाला — "अपनाच जनाजा देखता चल रहा मैं!"

कडूबा खो खो हसले. मला हसता आले नाही. खांदा बदलण्याचे निमित्त करून मी मान वळवली, तर तोही हसत नव्हता.

पाण्यात उतरला की मात्र तो निराळा माणूस होतो. कमरेवरचे शरीर तेवढे दिसते. डावा पाय मांडीपासून नाही, हे त्या पाण्याला ठाऊक नसते. पण पाण्यापर्यंत पोचायला रोज दोन माणसे कुठून आणायची? मी केवळ रविवारी येऊ शकते, एम.ए.चे शेवटचे वर्ष आहे. आठवड्यात तीन वेळा तो पंचेचाळीस किलोमीटर येतो आणि कुणी मिळाले नाही, तर काठावर बसून परत जातो.

परतताना स्कूटरवर — अब्बांनीच तिला मागे दोन जादा चाके बसवून दिली आहेत — तो म्हणाला, "वहिदा, नाव ले जाने की छोटी गाडी रहती. तू सब पढती ना, तो ये बी पढ. मेरेकू अकेले जाना है पानी तक. बस, इतनाच."

२० एप्रिलला अपंगांच्या कयाक शर्यतींसाठी राज्य संघाची निवड चाचणी आहे. क्लबात शिकवणाऱ्या सरांनी त्याचे नाव दिले आहे.

९ जानेवारी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून भाषाविज्ञानाऐवजी नावगाड्या वाचल्या. तीन तास! विषय कोणताही असो, तो हातात आला की त्याचे प्रकार, पोटप्रकार पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही. तर —

एक गाडी नावेच्या शेपटाखाली लागते. दुसरे टोक हाताने उचलून धरावे लागते. बाद. भाईचा एक हात कुबडीचा आहे आणि दुसरा तोल सांभाळण्याचा.

दुसरीला दोन उभे दांडे असतात; ते नावेच्या तळाच्या भोकांतून वर घ्यायचे. भाईच्या नावेला भोकेच नाहीत. बाद.

तिसरी नावेच्या बरोबर मध्याखाली बसते. दोन चाके, दोन गाद्या, दोन पट्टे. मध्य नीट साधला तर बावीस किलोची नाव एका बोटाच्या जोराने चालते, असे लिहिले आहे. पुढच्या टोकाला पट्टा बांधून तो कमरेला अडकवला की दोन्ही हात मोकळे. हीच!

राहता राहिला प्रश्न चाकांचा. तो साधा नाही.

१३ जानेवारी, रविवार

अब्बांचे म्हणणे — गाडी मी घरीच बनवतो. शहागंजात त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. पस्तीस वर्षांत त्यांनी लंगड्या मेंढ्यांपासून मुलांच्या पाळण्यांपर्यंत सगळ्यांना चाके लावून दिली आहेत. भाई म्हणाला, "अब्बा, आप लोहे की बनाओगे. वो नाव से भारी रहेगी. फिर उसकू उठाने कू एक और गाडी!" अम्मी पदर तोंडावर घेऊन हसली. घरात हसू आले की मी दचकते. किती दिवसांनी आले, ते मोजू लागते.

गेल्या वर्षी दहा मार्चला भाई आणि गयास पैठण रस्त्याने मोटारसायकलवरून येत होते. पुढे उसाचा ट्रॅक्टर उभा होता. मागे दिवा नव्हता. चालवत भाई होता. भाईचा पाय गेला, गयास जागच्या जागी गेला. पहिलीपासूनचा मित्र, आमच्या घरात स्वतःच्या हाताने ताट वाढून घेणारा. भाईने त्याचे नाव त्यानंतर घरात एकदाही घेतलेले नाही. आम्हीही घेत नाही. आमच्या घरात जे सर्वांत मोठे असते, त्याच्याभोवतीने सगळे पाय जपून टाकत चालतात.

२० जानेवारी, रविवार

आज जमीन मोजली. क्लबच्या शेडपासून मुरमाचा कडक उतार, एकशे दहा पावले. त्यानंतर धरणाचे पाणी मागे सरल्यावर उघडा पडलेला गाळ, साठ पावले. मग पाणी. दोनदा मोजले. दोन्ही वेळा साठच.

गाळ फसवा आहे. वरून भेगाळलेला, कोरडा, भाजलेल्या पापडासारखा. टाच रुतली की खाली काळे लोणी. शेजारी काठच्या गावातल्या साळूबाईंनी गाळपेर केली आहे, उघड्या गाळातच लावलेले टरबुजांचे वेल. त्या अनवाणी कशा चालतात कोण जाणे.

मी चालत मोजत होते, तर ओरडल्या, "काय हरवलं गं, पोरी?"

कडूबा मध्येच — "काय नाय हरवलं! भावाला गाडा घ्यायचाय. पुस्तकात बघून घेती म्हनं!"

"व्हय का? मग पुस्तकात गाळ हाय का बघ म्हनावं."

मान खाली घालून मी वहीत आकडे लिहिले. उत्तर सुचले ते स्कूटरवर बसल्यावर. नेहमीप्रमाणे.

२२ जानेवारी

चाकांचे तीन प्रकार.

अरुंद, भरीव रबराची. पंक्चर होत नाहीत. कडक जमिनीवर उत्तम. मऊ जमिनीत सुरीसारखी उतरतात.

हवेची, सायकलसारखी. काठाला सगळी वेडी बाभूळ. काटे बोटाएवढे.

तिसरी फुगीर, रुंद, मऊ, वाळू-चिखलासाठीच केलेली. त्यांच्यात हवा थोडी असते, त्यामुळे ती जमिनीवर पसरतात आणि वजन वाटून घेतात. गाळावर तरंगतात म्हणा ना! भाईला हवीत ती हीच. काट्यांची भीती त्यांनाही आहे, पण जाड कातडीची मिळतात.

विक्रेत्याला ईमेलने सविस्तर पत्र पाठवले. 'माननीय महोदय, सविनय विनंती की...' एका तासात उत्तर आले — 'मॅडम फोन करो ना.'

केला नाही. अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की मी फोन खाली ठेवून देते. भाई म्हणतो, "पेपर में पहली, फोन में फेल!"

२७ जानेवारी, रविवार

भाईने छतावरची त्याची कबुतरे देऊन टाकली. सतराच्या सतरा. बायजीपुऱ्यातल्या एका मुलाला. खुराडेसुद्धा.

"सराव में टाइम नै मिलता," म्हणाला. खरे असेल. पण दाणे टाकायला किती वेळ लागतो?

३ फेब्रुवारी, रविवार

कडूबांनी सहज सांगितले. सहजच.

"तुझा भाऊ लई चौकशा करतो बाबा. पान्याखालची जुनी नदी कुठून जाती, पार खोल कुठं हाय, पुसत व्हता. म्या म्हनलं, तुला मासं धरायचेत का?"

"मग काय म्हणाला?"

"हसला."

५ फेब्रुवारी

लाइफ जॅकेट खुंटीवरच होते, असेही कडूबा म्हणाले होते. गेल्या बुधवारी. विसरला असेल, म्हणाले. परवा हे लिहायचे मी टाळले.

१० फेब्रुवारी, रविवार

तो अलीकडे फार गोड वागतो. अम्मीचे पाय चेपून देतो. अब्बांबरोबर दुकानात बसून ट्यूबला ठिगळे लावतो. अपघातानंतर कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून पडलेला माणूस! अम्मी म्हणते, "अल्लाह ने सुन ली."

मला हे गोड वागणे सहन होत नाही. निरोपाला आलेल्या माणसासारखे वाटते ते.

कबुतरे. जुनी नदी. जॅकेट. आणि 'मेरेकू अकेले जाना है पानी तक.' चार वाक्ये घेऊन त्यांतला अर्थ काढण्यात मी विद्यापीठात पहिली आलेली आहे. अर्थ मला कळतो. कळला आहे.

चांदाच्या हिशेबाने गयासची बरसी, त्याच्या मृत्यूचा पहिला वर्षदिन, २७ फेब्रुवारीला येते.

विचारावे. समोर बसून विचारावे — भाई, तुला जगायचे आहे ना? केवढे सोपे वाक्य! चार वेळा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. चौथ्या वेळी त्याने विचारले, "क्या होना?" मी म्हटले, "कात्री."

समजा मी चुकत असेन, आणि माझ्या विचारण्यानेच ती गोष्ट त्याच्या मनात पहिल्यांदा शिरली तर?

११ फेब्रुवारी

अब्बांना सांगावे? ते कोसळतील. अम्मीला? ती ओरडेल, मोहल्ला गोळा होईल आणि भाई पुन्हा भिंतीकडे तोंड करील. सरांना? त्यांनी नाव काढून घेतले तर? आणि तो खरोखरच फक्त सरावासाठी जात असेल तर?

गाडी घेऊच नये? मग तो म्हणेल, मला तेवढेही देववले नाही तुम्हाला. ते तर आणखी वाईट.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

लिहून ठेवते. हे कुठेतरी असले पाहिजे.

आज गाडी मागवली. मध्याखाली बसणारी, अॅल्युमिनियमची, घडीची. चाके अरुंद, भरीव रबराची.

मला माहीत होते. मुरमावर ती सुरेख चालेल. एकशे दहा पावले तो एकटा जाईल. कुणाच्या खांद्यावर नाव द्यावी लागणार नाही, मागून चालत जनाजा म्हणावे लागणार नाही. पण गाळाच्या कडेला गाडी थांबेल. शेवटची साठ पावले कुणाची तरी गरज लागेल. म्हणजे पाण्याशी तो कधी एकटा नसेल. कडूबा असतील, मी असेन, कुणीतरी असेल आणि ते कुणीतरी त्याला जॅकेट घालायला सांगेल.

काट्यांचे कारण सांगितले. "रुंद चाकात हवा असते, भाई. वेडी बाभूळ एका दिवसात फाडील."

"तू बोली तो सही," म्हणाला. तपासूनही पाहिले नाही.

काट्यांचे कारण खोटे नाही. पूर्ण खरेही नाही. आजवर मी कुणाला असे वाक्य बोलले नव्हते.

२० फेब्रुवारी

गाडी आली. अब्बांनी खोके फोडले. चाक बोटांनी दाबून पाहिले, जमिनीवर टेकवून रुंदी पाहिली. मग माझ्याकडे पाहिले. रुमालाने ते चाक उगाचच पुसत राहिले.

२४ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. पट्टा कमरेला बांधून भाई उतारावरून निघाला. नाव त्याच्यामागे मुकाट चालली — एखादे शहाणे जनावर यावे तशी! कडूबा टाळ्या पिटत होते. "अरं, बैल झालास की रं तू!" भाई मोठ्याने हसला. खरे हसू होते ते. मी ओळखते.

गाळाच्या कडेला चाके उतरली. दोन वेळा ओढून पाहिले. मग त्याने पट्टा सोडला.

"इतनाच रह गया," म्हणाला. पाण्याकडे पाहत.

कडूबांनी आणि मी नाव उचलली. गाळ आज जास्त लांब वाटला. थकले असेन.

२७ फेब्रुवारी

बरसी. गयासच्या घरी कुराणखानी झाली. भाई गेला, रडला, गयासच्या अम्मीच्या मांडीवर डोके ठेवून रडला. वर्षभरात पहिल्यांदा. घरी येऊन जेवला. दोन पोळ्या.

दिवसभर मी त्याच्यापासून दहा हातांपेक्षा लांब गेले नाही.

२८ फेब्रुवारी

तो झोपला आहे. घोरतो आहे! या घोरण्यावर मी पूर्वी किती चिडायचे.

६ मार्च

तारीख उलटून गेली. मी उगाच घाबरले होते. वाचन फार झाले की माणूस साध्या गोष्टींतही कथानक पाहू लागतो. अभ्यासाला लागले. भाषाविज्ञानाची दोन प्रकरणे झाली.

११ मार्च, सोमवार

कालचे आज लिहिते आहे.

काल दहा मार्च होता. घरात कुणाच्याच ध्यानात नव्हते. बरसी चांदाच्या हिशेबाने झाली, फातिहा झाली, आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आमच्या घरात मौत चांदाने मोजतात. पण ट्रॅक्टर उभा होता तो दहा मार्चला. दोन्ही पंचांगे जाणणारी घरात मीच एक. माझ्याही ध्यानात नव्हते!

सकाळी आठला उठले तर स्कूटर नाही. अम्मी म्हणाली, "फजर की नमाज के बाद गया. सर ने बुलाया बोला."

मी सरांना फोन केला. मी! सर पुण्यात होते. क्लब बंद होता. कडूबा भाच्याच्या लग्नाला देवगाव रंगारीला.

अब्बांना एवढेच म्हणाले — "चला." त्यांनी का म्हणून विचारले नाही. शेजारची रिक्षा घेतली. वाटेत त्यांचे ओठ हलत होते फक्त.

अकरा वाजले पोचायला. शेड उघडे. नाव नाही. उतारावर चाकांच्या दोन बारीक रेघा, अगदी सरळ. रेघा गाळात शिरल्या होत्या. आणि गाळ संपतच नव्हता.

पाणी कुठे होते! मी जानेवारीत साठ पावले मोजली होती. पाणी सरत असते. रोज सरते. दुष्काळाचे वर्ष, खालच्या गावांना सोडतात, ऊन पिते. वर्तमानपत्रात रोज येते आणि मी रोज वाचते. तरी माझ्या हिशेबात ते जानेवारीतल्या जागेवरच उभे होते. काल मी येताना मोजले — दोनशे चौदा पावले गाळ.

तो दीडशेव्या पावलावर होता. ना पाण्यापाशी, ना कडेपाशी. गाडी आसापर्यंत रुतलेली. नाव एका कुशीवर. पट्टा अजून कमरेला. नावेच्या वीतभर सावलीत त्याचे डोके होते आणि त्यावर साळूबाईंचा ओला पदर. त्या शेजारी गाळात बसकण मारून शिव्या देत होत्या.

"कुणाचं लेकरू हाय हे? सकाळधरनं वढतंय नि फसतंय, वढतंय नि फसतंय! म्या म्हनलं, सोड बाबा ती नाव. तर म्हनतो, मावशी तुम्ही जावा. दहा डाव म्हनला, जावा. म्हनून तर मी गेले नाय!"

अब्बा गुडघ्यांवर कोसळले. भाईचे ओठ फुटले होते. खोट्या पायात चिखल शिरून मांडीचे टोक सोलून निघाले होते. रक्त काळे पडले होते.

अंगात लाइफ जॅकेट होते. पट्टे नीट लावलेले. गळ्यात स्टॉपवॉच.

मी त्या स्टॉपवॉचकडे पाहत राहिले. मरायला निघालेला माणूस वेळ मोजायला घड्याळ नेतो का? जॅकेट घालतो का? तो सरावाला आला होता. त्या दिवशी घरात बसवेना, म्हणून नाव घेऊन पाण्यावर. एवढेच. आणि मी —

१३ मार्च

जखमेत पू झाला. घाटीत, सरकारी दवाखान्यात दाखल केले. ताप एकशे तीन.

१७ मार्च, रविवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोन महिने खोटा पाय नाही. पाणी तर नाहीच. सरांनी फोनवर सगळे ऐकून घेतले, मग म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

त्याच्याजवळ एकच गोष्ट उरली होती. ती मी काढून घेतली. संशयावरून. चार वाक्यांच्या अर्थावरून.

२५ मार्च

अब्बांचा डबा घेऊन दुकानात गेले. ते गाडीच्या चाकांतला वाळलेला गाळ खिळ्याने कोरून काढत होते. मी उभी राहिले. त्यांनी वर पाहिले नाही.

"पस्तीस साल से चाकां देख रहा मैं, बेटी. पहले दिनच समझ गया था."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कायकू नै बोली?"

डबा तसाच परत आणला.

२० एप्रिल

आज चाचणी. सकाळपासून भाई छतावर, खुराड्याच्या रिकाम्या जागेजवळ बसून आहे.

५ मे, रविवार

परीक्षा चालू आहे. पेपर लिहिते, येते, लिहिते, येते. काय लिहिले ते आठवत नाही.

आज अम्मीचा बांध फुटला. माझ्यावर. "इतना पढी, इतना पढी, और लायी क्या? दो उंगल का चाक! तेरे बाप कू पूछती, मेरेकू पूछती, उस टरबूज वाली कू पूछती!"

भाई पलंगावरून म्हणाला, "अम्मी, उसकू नक्को बोलो. उसने किताब में देख के लायी. किताब में गाळ नै रहता."

तो माझी बाजू घेत होता! मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या.

१२ मे

सांगायला हवे. मी जाणूनबुजून केले, हे सांगायला हवे. मग तो माझ्याशी जन्मभर बोलला नाही तरी चालेल. चालणार नाही. पण सांगायला हवे.

त्याची मलमपट्टी मीच करते आता. बोटे त्याच्या जखमेवर आणि तोंड बंद. असे किती दिवस?

१९ मे, रविवार

आज सांगितले. पट्टी बांधता बांधता, वर न पाहता. चाके, काट्यांचे कारण, साठ पावले, सगळे.

मग तो म्हणाला, "तूने सही पहचाना था."

मी वर पाहिले.

"जाकीट तो किनारेवालों के वास्ते पहना था. घड्याळ गले में रहताच." मग थांबून — "डॉक्टरीणबाई कू सब बोला मैं. हर जुम्मे कू बात करने बुलाती वो. घर में तेरेकू पहली बार बोल रहा."

खिडकीबाहेर कुणीतरी बर्फवाल्याला हाका मारत होते.

"अब चौड़े चाक वाली मंगा."

जे वाक्य फेब्रुवारीत चार वेळा त्याच्या दारातून परत नेले होते, ते मी आज दुसऱ्या शब्दांत विचारले. "परत येशील?"

त्याने लगेच उत्तर दिले नाही. याबद्दल मी त्याची ऋणी आहे. विचार केला. खरोखर केला.

"आज का पूछी तो, हौ."

मागणी नोंदवली.